तळाशी राहिलेली हळद

आमच्या घरात काचेचा एक पेला आहे. त्याच्या तळाला, जिथे काच वर वळते त्या खाचेत, एक बारीक पिवळी रेघ आहे. मी ती राखेनं घासली, लिंबाच्या सालीनं घासली, कापडाचं टोक पिळून खाचेत फिरवलं. ती फिकी झाली, पण गेली नाही. पेला उजेडाकडे धरला की अजून दिसते.

हा आईचा पेला. शेवटच्या दीड वर्षात तिला दूध सोसेनासं झालं. कपभर घेतलं तरी पोट फुगायचं आणि रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. दूध सुटलं. पण रात्री झोपताना हळद घ्यायची जन्माची सवय सुटेना. मग तिनं कोमट पाण्यातून मागायला सुरुवात केली. मी हळद घालायची, चमच्यानं खळखळून ढवळायची आणि पेला घेऊन जायची. तोवर तिच्या बाकीच्या गोळ्या चाललेल्या असत. एकेक गोळी, एकेक घोट, मध्ये थोडं बोलणं. पेल्याची पाळी येईपर्यंत वर पाणी आणि खाली हळद अशी त्यांची वाटणी झालेली असायची.

"तळ ढवळ गं," ती म्हणायची. मी ढवळायची. ती अर्धा पेला प्यायची, थांबायची, पुन्हा खाली बघायची. "सगळी तळाशीच राहिली बघ." मग तेवढ्या गाळावर पुन्हा घोटभर पाणी घालून, पेला हातात गोल फिरवून, ती पिऊन टाकायची. हळद टाकायची नाही, हा तिचा नियम होता. मीठ सांडू नये, भाकरीला पाय लागू नये, तसाच.

आईचं माहेर हरिपूर. सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथलं. ज्यांनी हरिपूर पाहिलं नाही त्यांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागेल. जमिनीत खणलेली, घागरीच्या आकाराची खोल कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत पोट ऐसपैस. तिथल्या मातीची अशी काही जात आहे की आत ओल येत नाही. हळकुंडांची पोती आत उतरवायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची आणि भाव येईपर्यंत विसरून जायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची. किडा लागत नाही, कारण आतला प्राणवायू हळूहळू संपून जातो. म्हणूनच पेव उघडताना घाई चालत नसे. तोंड उघडून वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आईनं लहानपणी हे कितीदा तरी पाहिलेलं. काळोखात खाली खाली जाणाऱ्या त्या उजेडाचं ती इतकं हळू वर्णन करायची की ऐकताना आपलाही श्वास अडकायचा.

२००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांमध्ये शिरलं. कितीएक पेवांतला माल भिजून गेला, पेवं ढासळली. आई तेव्हा सांगलीत नव्हती, पण बातमी ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही. "हळदीला पाणी," एवढंच म्हणत राहिली. पिकाला नऊ महिने पाणी लागतं, काहिलीत शिजवायलाही पाणीच लागतं. पण एकदा वाळली, पॉलिश झाली, पोत्यात गेली की हळदीचं आणि पाण्याचं नातं संपतं. त्या मुलखात हे लहान मुलालाही ठाऊक.

शिजतानासुद्धा हळद पाण्याशी हातचं राखूनच असते. काहिलीतलं पाणी पिवळं दिसतं खरं, पण रंगाचा खरा साठा गड्ड्यात आणि हळकुंडातच राहतो. हळकुंड मोडून पाहा, आत तो केशरी गाभा तसाच असतो. त्या गाभ्यातल्या मुख्य रंगद्रव्याचं नाव कर्क्युमिन. १८१५ साली फोगेल आणि पेलेटिए या दोघांनी ते हळदीतून वेगळं काढलं. त्याची रेणूरचना कळायला १९१० साल उजाडलं. मिवोबेंजका, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे यांनी ती मांडली. हळदीच्या पुडीत हे द्रव्य साधारण शंभरात दोन ते पाच भाग असतं. आणि साध्या पाण्यात ते विरघळतं किती? लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे जवळजवळ नाहीच. आईच्या पेल्यात तळाशी बसायची ती हळद माझ्या ढवळण्यातल्या कसुरीनं बसत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मनावरचं एक ओझं उतरलं.

कळलं ते भाचीमुळे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अन्नतंत्रज्ञानात संशोधन करते. पाण्यात न विरघळणारी पोषकद्रव्यं डाळी-कडधान्यांच्या प्रथिनांत बसवून पाण्यात नेता येतात का, हा तिचा विषय. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आई गेल्यावर वर्षभरानं एकदा तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिनंच बोलावलं होतं. "मावशी, तू ये. आजीच्या पेल्याचं मी तुला दाखवते," असं म्हणाली. पेल्याचं तिच्या लक्षात होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिनं दोन बीकर पुढे ठेवले. दोन्हींत पाणी, पाण्यात क्षार घालून पीएच, म्हणजे आंबट-क्षारपणाचं माप, बारापर्यंत नेलेला. त्यात तिनं कर्क्युमिनची चिमूटभर पूड सोडली. आणि पाणी लाल झालं. पिवळं नव्हे, लाल. डाळिंबाच्या रसासारखं गडद, तळ स्वच्छ, कणसुद्धा नाही.

मी तो लाल रंग ओळखला. प्रत्येक बाईनं तो ओळखला असता. हळदीच्या दिवशीच्या पांढऱ्या साडीवरचा डाग, वरणाचा हात पुसलेला पदर. साबण लावला की पिवळा डाग एकदम तांबडा होतो, आपण दचकतो, आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. हळदीत चुना कालवला तरी हेच. कुंकू करणारे हळदीला चुन्यानं नाहीतर टाकणखारानं लाल करतात. म्हणजे हा रंग आपल्या कपाळावरचाच. क्षार मिळाला की कर्क्युमिनच्या रेणूला विद्युतभार येतो, आणि भार आला की पाणी त्याला जवळ करतं. एरवी अंग चोरणारं हे द्रव्य तेवढ्यापुरतं विरघळतं. पण तिथे फार वेळ ठेवायचं नाही, कारण क्षारात ते तुटत जातं. "मावशी, आता पटपट करावं लागतं," ती म्हणाली, आणि तिचे हात खरोखरच भराभर चालू लागले.

एका बीकरमध्ये तिनं आधीच वाटाण्याचं प्रथिन घातलेलं होतं. दुसऱ्यात नव्हतं. दोन्हीकडे आत चुंबकाचा छोटा दांडका आपोआप गरगर फिरत होता. तिनं सौम्य आम्लाचे थेंब सोडायला सुरुवात केली. एक थेंब, पीएचच्या आकड्यावर नजर, मग दुसरा. साध्या बीकरमध्ये लाल रंग विटला, नारिंगी झाला, आणि पीएच सातच्या जवळ आला तसं पाणी गढूळ झालं. पिवळा भुगा दिसायला लागला. तिनं चुंबक थांबवला. पाचदहा मिनिटांत भुगा खाली उतरला. वर पाणी, खाली हळद. माझ्या डोळ्यांपुढे तो पेला उभा राहिला.

दुसऱ्या बीकरमध्येही लाल रंग गेला. नारिंगी, मग सोनेरी पिवळा. पण तो तिथेच थांबला. गढूळपणा नाही, भुगा नाही. साजूक तूप वितळल्यावर दिसतं तसं, किंचित धुरकट, पण एकसारखं. मी वाकून, अगदी टेबलाच्या पातळीला डोळे नेऊन तळ पाहिला. तळ मोकळा होता.

मग तिनं खोलीतला दिवा मालवला आणि निळ्या-जांभळ्या उजेडाची बारीक बॅटरी दोन्हींवर धरली. गाळाचा बीकर मंद राहिला. प्रथिनाचा बीकर हिरवट-पिवळ्या तेजानं उजळला, आतून. "पाण्यापासून आडोसा मिळाला की कर्क्युमिन असं चमकतं," ती म्हणाली. "म्हणजे ते आत बसलंय." काळोखातला तो उजेड पाहताना मला हरिपूरच्या पेवात उतरणारा कंदील आठवला. मी तिला ते सांगितलं नाही. तिनं पेव कधी पाहिलेलं नाही.

आत म्हणजे कुठे, ते तिनं कागदावर काढून दाखवलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ लोंबत नाही, स्वतःभोवती गुंडाळलेली असते. पाण्याशी जमणारे मणी बाहेरच्या अंगाला, पाण्याला बिचकणारे मणी आत, एकमेकांना धरून. पीएच बाराला नेलं की ही गुंडाळी सुटते, आतले मणी उघडे पडतात. मग पीएच हळूहळू खाली आणला की माळ पुन्हा मिटायला लागते. त्याच वेळी कर्क्युमिनचाही भार जात असतो आणि त्यालाही पाणी नकोसं होत असतं. दोघंही आडोसा शोधत असतात. मिटताना माळ कर्क्युमिनला पोटात घेऊन मिटते. आणि एकदा उलगडून मिटलेलं प्रथिन पूर्वीसारखं होत नाही. त्याची घडी बदललेली राहते. या रीतीचा अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा निबंध २०१४ मधला आहे, पण तो दुधातल्या केसिनवर. पुढे सोयाबीन, वाटाणा, तांदूळ यांच्या प्रथिनांवरही तेच करून पाहिलं गेलं. आपल्याकडे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ सालीच सोयाबीनचं प्रथिन आणि कर्क्युमिन यांची जोडी जमवून दाखवली होती. पाण्यात विरघळणं आठशे पटींहून जास्त वाढलं. आकडा मोठा वाटतो. पण मूळचं मापच इतकं लहान की आठशे पटींनंतरही ते लिटरला मिलिग्रॅममध्येच मोजावं लागतं.

केसिनचं नाव ऐकल्यावर मी थांबले. म्हणजे हळदीला दूधच का, याचा एक धागा इथे आहे. दुधात स्निग्धांश असतो, तो कर्क्युमिनला सामावतो. शिवाय केसिनचे रेणू झुबक्याझुबक्यानं राहतात, आणि त्या झुबक्यांच्या आत पाण्याला बिचकणाऱ्या पदार्थांना जागा असते. आजीनं, पणजीनं हे असं जाणलं होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी जे जाणलं ते वेगळ्या वाटेनं, चवीवरून, पोटावरून, लेकराच्या खोकल्यावरून. पण हळद नुसत्या पाण्यात देऊ नये, तिच्याबरोबर दूध, तूप, तेल, गूळ असं कुणीतरी धाडावं, एवढं त्या हातांना पक्कं माहीत होतं. आणि माझ्या आईला दूध सोसेना तेव्हा त्या हातांकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं. नेमकं इथेच वाटाण्याचं, मुगाचं, हरभऱ्याचं मोल मला वाटतं. ज्यांना दूध चालत नाही, ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या पेल्यात दुधाचं हे काम कुणी करावं?

डाळीला ते सहज जमत नाही. दाण्यातलं प्रथिन रोपासाठी साठवलेलं असतं, कोंब फुटेपर्यंतची शिदोरी. ते घट्ट बांधून ठेवलेलं, पाण्यात फारसं न येणारं. भाची वाटाण्याच्या पिठातून ते काढते तेही पीएचच्याच जोरावर. क्षारात विरघळवायचं, चोथा बाजूला करायचा आणि मग आम्ल घालत साडेचारच्या आसपास आणायचं. दुधात लिंबू पिळल्यावर ते नासतं ना, अगदी तसंच हे प्रथिन फाटून खाली बसतं. दुधाचं केसिन आणि कडधान्यांची प्रथिनं, दोन्ही जवळजवळ एकाच आंबटपणाला फाटतात. काढायला हे सोयीचं आहे. पण उद्या कुणी कोकमाच्या किंवा लिंबाच्या सरबतात हे हळद-प्रथिन घालायचं म्हटलं की ते तिथेही फाटणार, आणि पुन्हा तळाशी गाळ. पोटातही आंबटच.

यावरचा एक उपाय ऐकून मी उठून उभीच राहिले. तो उपाय म्हणजे भाजणी. प्रयोगशाळेत त्याला तसं म्हणत नाहीत. प्रथिन आणि साखरेच्या जातीचं एखादं द्रव्य एकत्र वाळवून, मोजक्या दमटपणात, साठेक अंशांवर तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस ठेवतात. साखर प्रथिनाला कायमची चिकटते. फ्रान्सच्या लुई कामिय मेलार्ड यांनी १९१२ साली या क्रियेची नोंद केली, म्हणून तिला त्यांचं नाव. आपण थालिपिठाची भाजणी भाजतो, हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, धणे, एकेक निगुतीनं, मंद आचेवर, तेव्हा स्वयंपाकघरभर जो खमंग वास सुटतो त्यात हीच क्रिया असते. प्रयोगशाळेत मात्र ती पार सुरुवातीलाच अडवतात. रंग चढायच्या आत. प्रथिनाच्या रेणूंना बाहेरून साखरेचे लांब हात फुटले की ते रेणू एकमेकांना चिकटत नाहीत, आंबट पाण्यातही सुटे सुटे राहतात.

आई भाजणी करताना मध्ये बोलू द्यायची नाही. डाळ तांबूस व्हायला लागली की कढई उतरवायची, आचेवर एक क्षणही जास्त नाही. "पुढे गेली की सत्त्व जातं," म्हणायची. भाची तेच वेगळ्या शब्दांत बोलली. साखर चिकटते ती मुख्यत्वे लायसिन नावाच्या अमिनो आम्लाला, आणि क्रिया पुढे गेली की तेवढं लायसिन शरीराच्या उपयोगातून जातं. लायसिन ही तर डाळीची खरी दौलत. तांदळात-गव्हात ते कमी, डाळीत भरपूर, म्हणून वरणभात एकमेकांना पुरे पडतात. वाहक म्हणून प्रथिन घडवताना त्याचं अन्न म्हणून असलेलं मोल घालवायचं नाही, ही तारेवरची कसरत ती रोज करते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं हळद पोचवायचं साधन म्हणून डाळीकडे बघणाऱ्याला डाळ कळलेली नाही.

आपल्याकडे म्हण आहे, पी हळद आणि हो गोरी. उतावळ्या माणसाला लागू होणारी. या विषयात ती पदोपदी आठवावी अशी आहे. पाण्यात मिसळणं वेगळं आणि रक्तात पोचणं वेगळं. प्रथिन पोटात पचायला लागतं, त्याची पकड सुटते. ती फार लवकर सुटली तर कर्क्युमिन पुन्हा उघड्यावर. नीट वेळेवर सुटली तर पुढे पित्तातली क्षारद्रव्यं त्याला आपल्यात घेतात, आणि मग कुठे आतड्याच्या भिंतीपर्यंत जाणं होतं. तिथून पुढे आतड्याचा पडदा आणि यकृत त्याला झपाट्यानं दुसऱ्या रूपात बदलून बाहेर काढायच्या मागे असतात. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन अवघं वीस मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तातलं प्रमाण वीस पटीनं वाढतं. पण मिरी हे करते ती शरीराची ही झाडलोटच थांबवून, आणि त्याबरोबर काही औषधांचीही झाडलोट थांबू शकते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. तिच्या डॉक्टरांनी हळदीच्या महागड्या गोळ्यांना, मिऱ्याच्या अर्कासकट, स्पष्ट नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. प्रथिनाची वाट सौम्य आहे. ती कुठलं दार अडवून धरत नाही, फक्त दारापर्यंत सोबत करते. तरीही, पोचलेल्या कर्क्युमिननं माणसाचं नेमकं किती भलं होतं, याची खात्रीची उत्तरं अजून थोडी आहेत. भाची हे कधी लपवत नाही, म्हणून तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो.

हळद हे निमित्त. खरी गरज तिला दुसरीकडे दिसते. ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व, गाजरातलं आणि शेवग्याच्या पाल्यातलं बीटा-कॅरोटीन, डोळ्यांना लागणारं ल्युटीन, ही सगळी तेलातुपाची सोबत मागणारी मंडळी. ज्या घरात भाजीला तेलाचा एकच थेंब मिळतो त्या घरात पाला शिजतो, खाल्ला जातो, आणि त्यातलं बरंचसं तसंच निघून जातं. मुगाच्या पाण्यातून ते पोरांच्या अंगी लागलं तर? हे बोलताना तिचा आवाज आजीसारखा होतो. काहीही वाया जाऊ नये, हा तोच हट्ट.

निघताना तिनं माझ्या हातात दोन कुप्या ठेवल्या, बूच घट्ट लावून. एकीत नुसतं कर्क्युमिन आणि पाणी, दुसरीत वाटाण्याच्या प्रथिनातलं. "प्यायच्या नाहीत हं, मावशी. नुसत्या बघायला. उन्हात ठेवू नकोस, ऊन लागलं की रंग उडतो." ते मला माहीत होतं. हळदीचा हट्टी डागसुद्धा दोरीवर उन्हात दोन दिवस राहिला की फिका होतो. घरी येऊन मी त्या फडताळात, आईच्या पेल्याशेजारी उभ्या केल्या.

आठवडाभरानं फडताळ उघडलं. पहिल्या कुपीत तळाला पिवळा थर बसला होता. मी ती हातात धरून गोल फिरवली, भुगा उठला, भिरभिरला आणि बघता बघता पुन्हा खाली गेला. दुसरी कुपी उचलली. ती वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची होती. ढवळायला काही नव्हतं, तरी हात सवयीनं ती फिरवत राहिला.

आतल्या खोलीतून कुणी हाक मारली नाही. मी कुपी खिडकीपाशी नेली, उजेडाकडे धरली, आणि पुन्हा एकदा तिचा तळ पाहिला.